आभार आलं!

लाखांदूरला रुजू झालो त्याच दिवशी संध्याकाळी मी भाड्याची खोली शोधत बाजाराच्या रस्त्यानं हिंडत होतो. एका दुकानातून एक माणूस बाहेर आला, त्यानं वर पाहिलं आणि "आभार आलं! आभार आलं!" असं ओरडत सायकलवर टांग मारून माझ्या अंगाला घासून निघून गेला. गळ्यात कॅमेरा, आणि पायात एकच चप्पल. मी शाळेत मराठी शिकवायला आलेला, नवा कोरा बी. एड. मला वाटलं, कुणाचं तरी आभाराचं पत्र आलं असेल. पण पत्र आलं म्हणून कुणी एका चपलेनं पळत सुटतं का? मी पानठेल्यावाल्याला विचारलं, "काय आलं म्हणतात हे?"

"आभार आलं ना जी," तो म्हणाला आणि चुना लावता लावता त्यानं वर बोट केलं. वर आभाळ भरून आलं होतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. झाडीपट्टीच्या बोलीत ळ नाही. ळ चा र होतो. डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा, तलावाच्या पाळीची, म्हणजे बांधाची, पार, आणि आभाळाचं आभार. मी वर्गात पहिला निबंध दिला 'माझा दिनक्रम', आणि पहिल्याच वहीत वाक्य होतं, 'मी रोज सकारी दोन केर खातो.' मी लाल शाई घेऊन तुटून पडलो. एका ळ ला अर्धा गुण कापायचा असा नियम केला, आणि अर्धा वर्ग शून्याखाली गेला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "काहून जी, पोराइले मारून टाकता का?"

खरं सांगायचं तर मी स्वतः काही आकाशातून पडलो नव्हतो. मी वऱ्हाडातला. आमच्याकडे ळ चा य होतो. बी. एड.ला जाईपर्यंत मी केयं खात होतो आणि डोये चोयत होतो. तिथल्या एका बाईंनी माझी जीभ घासून पुसून तिच्यावर ळ बसवला. नवा सदरा घातलेलं पोर जसं घरोघर हिंडतं, तसा मी तो ळ घेऊन लाखांदूरभर हिंडत होतो.

खोली शेवटी त्या एका चपलेच्या माणसाकडेच मिळाली. पुढे त्याचा फोटो स्टुडिओ, मागे दोन खोल्या. एकीत तो, एकीत मी. गाव त्याला भाऊ म्हणायचं, मीही म्हणू लागलो. पन्नाशीचा, अंगानं काडी, आणि मान कायमची थोडी पुढे झुकलेली. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, "लोकाइचे लगन पाहू पाहू पोट भरलं ना जी मास्तर."

पोट लग्नांवर भरत असलं तरी जीव तलावात अडकला होता. गावाबाहेर अर्ध्या कोसावर जुना तलाव होता, त्याच्या पारीवर हा माणूस अकरा वर्षं एका फोटोसाठी जात होता. कसला फोटो, ते त्यानं मला पहिल्याच रात्री जेवता जेवता भाताची मूद फोडून समजावलं. संध्याकाळी वादळ चढतं, सारं आभाळ काळंठिक्कर होतं, आणि बुडता बुडता सूर्य ढगाच्या खालच्या काठाला एक फट गाठतो. त्या फटीतून उजेड आडवा येतो. वर अंधार आणि खाली पाणी पेटलेलं.

"उजेड खालून आला पायजे, मास्तर. वरून त रोजच येते."

"किती वेळ टिकतो?"

"पान लावून तोंडात टाकेपर्यंत. थुकाले गेले की संपलं."

अकरा वर्षांत तो उजेड त्याला चार वेळा दिसला होता, आणि चारही वेळा हुकला होता. एकदा नेमक्या क्षणी म्हशी पाण्यात उतरल्या. एकदा गारा पडल्या आणि कॅमेऱ्यावर छत्री धरायची की डोक्यावर, यातच वेळ गेला. एकदा सगळं जमून आलं, म्हशी नाहीत, गारा नाहीत, यानं मन लावून बारा फोटो काढले, आणि घरी येऊन पाहतो तर आत रोलच नव्हता. चौथी वेळ कशी हुकली, ते तो सांगत नसे. नुसता 'हट्' म्हणून उठून जायचा.

कॅमेरा दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून आत पाहायचा. त्यामुळे भाऊ पारीवर उभा राहिला की मान खाली, हात पोटाशी. धुणं धुणाऱ्या बायांना कॅमेरा दिसायचा नाही, वाकलेला माणूस तेवढा दिसायचा. एक म्हातारी मला कौतुकानं म्हणाली, "तुमचा घरमालक लय भाविक मानूस हाय जी. एवढा पानीपाऊस असला तरी तरावाच्या पाया पडाले येते."

गिऱ्हाइकांचं मात्र काही खरं नव्हतं. दुसऱ्या स्टुडिओंत मागच्या पडद्यावर बाग असते, कारंजी असतात. भाऊनं पडदा स्वतः रंगवला होता. त्यावर काळा ढग, वीज, आणि खाली पेटलेला तलाव. नोकरीचा अर्ज करणारा पोरगा असो, वाढदिवसाचं बाळ असो की साठीचं जोडपं असो, सगळ्यांच्या मागे प्रलय. पाहुण्यांकडे पाठवायचे मुलींचे फोटोही असेच निघायचे. एका मुलाकडच्यांनी परत विचारणा केली, 'मुलगी फार तापट आहे काय?' भाऊ भडकला. "पोरगी पाहून राहिले का आभार पाहून राहिले?"

एकदा एक म्हातारा शेतकरी फोटो काढायला आला. भाऊनं त्याला स्टुलावर बसवलं, हनुवटी वर केली, मान डावीकडे वळवली आणि सांगितलं, "असाच बस बुवा. हालू नको." तेवढ्यात दारातून उजेड बदललेला दिसला. भाऊ गेला. दीड तासानं नखशिखांत भिजून परत आला, तर म्हातारा तसाच. हनुवटी वर, मान डावीकडे. गावाकडची शेवटची एसटी गेली होती. ओठ न हलवता त्यानं विचारलं, "हालू का आता?"

त्या रात्री म्हातारा आमच्याकडेच जेवला आणि माझ्या खाटेवर झोपला. मी खाली.

माझं लग्नही त्या पडद्यानंच जमवलं. दोन कोसांवरच्या एका गावातल्या धान पिकवणाऱ्या घरातली मुलगी, तिचा फोटो माझ्याकडे आला. मागे वीज कडाडते आहे आणि पुढे ही बया मांडीवर हात ठेवून शांत बसली आहे. मी म्हटलं, हिला घाबरायची सवय दिसत नाही. होकार कळवला. ते अगदी खरं निघालं. घाबरायची सवय नंतर मला लागली.

तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता. कुणी म्हटलं तर म्हणायचे, "मी का आमदार हावो?" पण एकुलत्या एका पोरीच्या लग्नात त्यांच्या मनानं घेतलं. नवं धोतर आणलं, काळा कोट शिवला, गुलाबी फेटा आणला. मला निरोप पाठवला की पोरीच्या बाजूला उभं राहून एक फोटो पाहिजे, बस, बाकी काही मागणं नाही. आठ दिवस ते आरशापुढे उभे राहून सराव करत होते, असं बायकोनं मला नंतर सांगितलं. फेटा बसला, कोट बसला, पण हातांचं कोडं सुटेना. मागे बांधले तर कैदी वाटतो, पुढे जोडले तर मतं मागायला आल्यासारखं वाटतं. घरात येईल त्याला विचारायचे, "हात कुठी ठेवू?"

फोटोवाला आणायचं माझ्याकडे होतं. मी अर्थात भाऊला सांगितलं. आणि मुहूर्त गोरज, महिना मे, मांडव भाऊच्याच त्या तलावाच्या पारीखाली. आता मागे वळून पाहिलं की मलाच माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी त्याला शपथ घातली. "आज आभाळाकडे बघायचं नाही."

"तुमची शप्पथ, मास्तर. लगन म्हंजे लगन."

आणि त्यानं शपथ पाळली, हे मला सांगितलंच पाहिजे. दुपारपासून तो पश्चिमेकडे पाठ करून वावरत होता. बँडवाल्यांचे फोटो काढले, मांडवाचे काढले, माझ्या बहिणींचे काढले. रोलातले आठ संपले, चार राखून ठेवले. ते चार अक्षता पडल्यावर, आणि त्यातला पहिला सासऱ्यांचा, असं ठरलं. सासरे फेटा सावरत पोरीच्या मागे उभे होते. हात एकदा मागे, एकदा पुढे.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. वारं सुटलं होतं, मांडवाचं कापड फडफडत होतं. आणि दुसरं मंगलाष्टक चालू असताना अंतरपाटाचं पांढरं कापड तांब्याच्या रंगाचं झालं. भाऊनं वर पाहिलंच नाही. त्यानं त्या कापडाकडे पाहिलं. मी कापडाच्या कडेनं त्याचा चेहरा पाहत होतो, आणि मला कळलं की मेलो.

"आभार आलं!"

पाहुण्यांच्या पंगतीतून, बँडच्या ढोलावर पाय देऊन तो गेला. क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. समजलं फक्त सासऱ्यांना. आठ दिवसांचा सराव डोळ्यांदेखत पारीवर पळत चालला होता. ते ओरडले, "अबे, माया फोटो!" आणि मांडवाच्या तोंडाशी जोड्यांचा ढीग होता, त्यातला हाती लागला तो जोडा उचलून त्याच्यामागे धावत सुटले.

भटजी बिचारे समजूतदार. वधूपिता परत येईपर्यंत त्यांनी 'सावधान' लांबवत नेलं. मी इतका सावधान आयुष्यात कधी झालो नाही. सासरे आले ते ओलेचिंब, फेटा सुटलेला, हात रिकामे. अक्षता पडल्या, आणि पाठोपाठ मांडवही पडला. त्या पावसात फोटो कुणाचा काढता आणि कोण काढतं? नवरदेवाचा डावा जोडा काही केल्या सापडला नाही. चुलत मेव्हण्यांनी लपवला म्हणावं, तर त्या गळ्याची आण घेऊन सांगत होत्या की आम्ही हात लावला नाही.

आठवड्यानं भाऊनं दाराच्या फटीतून पाकीट सरकवलं. आत आठ फोटो. मी जाऊन विचारलं, "बाकीचे चार?"

"खराब झाले," तो म्हणाला, आणि दिव्याची वायर उगाच गुंडाळत बसला.

सासरे हसून म्हणाले होते, जाऊ द्या जी, नातू झाला का काढू. पण पुढच्याच वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. आम्ही तोवर दुसरीकडे घर केलं होतं. तेरावं करून बायको परत आली, तिनं कपाटातून हातोडी काढली आणि समोरच्या खोलीत भिंतीवर एक खिळा ठोकला. त्यावर काही लावलं नाही. लावायला काही नव्हतंच. पितृपक्षात इतरांच्या घरी फोटोला हार घालतात. ती त्या खिळ्याला घालायची. शेजारीण एकदा भिंतीकडे बघतच राहिली, तर ही म्हणाली, "लोकाइच्या घरी बापाचा फोटो असते. आमच्या घरी खिरा हाय."

मी 'खिळा' म्हणून तिला दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या भिंतीपुढे माझी लाल शाई चालत नव्हती. भाऊला मीच आणला होता. ते मी विसरलो नव्हतो, आणि तिनं तर मला विसरू दिलं नसतंच.

सात वर्षं ती स्टुडिओवरून गेली नाही. भाऊला ती लांबून दिसली तरी तो गल्ली बदलायचा. मी मात्र चोरून जात राहिलो. काय करणार, माणूसच असा होता की त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं. वय झालं होतं. मोतीबिंदू उतरत होता, पण तक्रार करायचा तीही स्वतःच्याच थाटात. "आता डोऱ्यातच आभार आलं, मास्तर. पारीवर जावाचं काम नाई."

ऐंशी साल उलटलं असेल. नागपूरच्या कुठल्याशा हौशी मंडळाच्या फोटोस्पर्धेचं पत्रक शाळेत आलं. विषय निसर्ग. मी ते भाऊपुढे टाकलं. ते त्यानं डोळ्यांजवळ धरून वाचलं. मग त्यानं फळीवरून बिस्किटाचा डबा काढला, त्यातून एक निगेटिव्ह काढून दिव्यापुढे धरली.

"एकच हाय. उजेड पुरा गवसला. पन खराब हाय."

"काय खराब आहे?"

"मधात मानूस आला."

मी म्हटलं, पाठवा तर खरं. नागपूरला जाणाऱ्या एकाकडून ती मोठी करून आणवली. भाऊनं फोटोला पुठ्ठा लावला, वर कागद चिकटवला, आणि मागे ठळक अक्षरांत नाव लिहून माझ्या हाती दिला. पुढची बाजू मला दिसलीच नाही. अर्ज मी भरत होतो, म्हणून मागची पाहिली. तिथे लिहिलं होतं 'आभार'.

आता ऐका. हजारो वह्यांत ज्यानं ळ साठी अर्धा अर्धा गुण कापला, त्या माणसाला ते अक्षर पाहून भरून आलं. मी म्हटलं, बघा, उतारवयात माणूस निसर्गाचे आभार मानतो आहे! अर्जात शीर्षकाच्या रकान्यात मी घोटून लिहिलं, आभार. टपालात टाकून आलो.

दोन महिन्यांनी शाळेच्या पत्त्यावर पाकीट आलं. पहिलं बक्षीस. सोबत प्रशस्तिपत्र आणि फोटो परत. मी ते तसंच घेऊन स्टुडिओत धावलो आणि प्रशस्तिपत्र मोठ्यानं वाचू लागलो. परीक्षकांनी फारच सुंदर लिहिलं होतं. विराट आभाळाखाली एक इवलासा शेतकरी, पावसाच्या चाहुलीनं भारावून, हात उंचावून सृष्टीचे ऋण मान्य करतो आहे, आणि हा सगळा भाव कलावंतानं 'आभार' या एकाच शब्दात पकडला आहे, असं काहीसं.

भाऊ ऐकत होता. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कोनाचे आभार?"

"म्हणजे? तुम्हीच लिहिलं ना मागे?"

"मी काहून कोनाचे आभार मानू? आभार म्हंजे आभार!" त्यानं फोटोवर हात आपटला. "हे काय हाय? केवढं आभार हाय! डोरे हाय का नाई तुमच्या परीक्षकाइले?"

मी हसत हसत स्टुलावर बसलो, बसता बसता पडलो. आयुष्यात एकच चूक दुरुस्त करायची राहिली, आणि तिला पहिलं बक्षीस! हसून झाल्यावर डोळे पुसले आणि फोटोकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. वर ढग, असा की आता अंगावर कोसळेल. खाली पाणी लखलखीत. पारीवर, उजव्या अंगाला, बोटाएवढा एक माणूस. धोतराचा सोगा उडालेला, फेटा सुटून मागे तरंगतो आहे, आणि वर केलेल्या हातात काहीतरी आहे.

मी फोटो दाराशी उजेडात नेला. हातात जोडा होता. डाव्या पायाचा. माझा.

"भाऊ," मी म्हटलं, "हा माणूस..."

"तुमचा सासरा," तो खाली पाहत म्हणाला. "तो जोडा मंग माया पाठीत बसला आन तरावात पडला."

"सात वर्षं! सात वर्षं ती खिळ्याला हार घालते आहे, आणि तुम्ही हा डब्यात ठेवला?"

"मंग का करू, मास्तर? बाप हाती जोडा घेऊन मांगं धावून राहिला, असा फोटो पोरीले कोनी दाखोवते का? मले वाटलं, आहे तेवढंच दुख बस झालं तिले."

मी त्याला ओढतच घरी नेलं. तो उंबऱ्याच्या आत एकच पाय टाकून उभा राहिला, दुसरा पळायला मोकळा ठेवून. बायको स्वयंपाकघरातून आली, त्याला पाहून तिचा चेहरा दगड झाला. मी फोटो तिच्या हातात दिला.

ती आभाळावरून खाली आली, पाण्यावरून पारीवर आली, आणि थांबली.

"बाबा," ती म्हणाली.

तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि एकाएकी फस्सकन हसली. "हात कुठी ठेवू, हात कुठी ठेवू करत होते ना! शेवटी समजलं बाबाले." आणि हसता हसताच खाली बसली आणि रडायला लागली, मोठ्यानं, सात वर्षांचं. मीही रडलो. लाज कसली?

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि फोटो खिळ्यावर टांगला. थोडा तिरका झाला तो सरळ केला. मी तिला प्रशस्तिपत्र वाचून दाखवलं. सृष्टीचे ऋण वगैरे ऐकून ती पुन्हा हसली. मग दाराकडे वळली. भाऊ अजून तसाच होता, एक पाय आत, मान खाली. इतकी वर्षं मी तिच्याकडून घोकून घेतलेली शुद्ध मराठी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून वापरली. सावकाश, प्रत्येक अक्षर मोकळं करून ती म्हणाली, "काकाजी, आभार."

भाऊनं झटकन मान वर केली.

"कोनतीकडं?" त्यानं विचारलं, आणि आम्ही काही बोलायच्या आत, वर पाहत, एकच चप्पल घालून, तो अंगणात उतरलासुद्धा.